शेवटच्या कडव्यापुरती जागा

५ डिसेंबर १९८७, शनिवार
ही डायरी १९८२ची आहे. बाबांना गिरणीतून मिळाली, त्याच महिन्यात संप लागला आणि ती कोरीच राहिली. वार जुळत नाहीत, म्हणून छापलेला वार खोडून मी माझा लिहिते.

आज घेतली कारण डोकं गरगरतंय. संगणकाच्या आंतरशालेय स्पर्धेसाठी पडवळ बाईंनी नववीतून मला आणि चंदूला निवडलं. चंदू म्हणजे चंद्रप्रकाश, वर्गात चित्रकलेत पहिला आणि बडबडीतही. स्पर्धा २४ जानेवारीला, सांताक्रूझच्या एका कॉलेजात. पहिली येणारी जोडी मे महिनाभर त्या कॉलेजच्या संगणकावर रोज तीन तास बसणार. ढालही मिळते म्हणे, ती शाळेने घ्यावी. आमच्या शाळेत दोनच मशीन. माझ्या वाट्याला आठवड्यात चाळीस मिनिटं येतात, त्यातली दहा चपला काढून रांग लावण्यात जातात. रोज तीन तास म्हणजे किती, याचा मी मघापासून हिशेब करतेय आणि मला बसवत नाहीये.

चंदूने एका नव्या सिनेमातल्या गाण्याची चाल मशीनवर वाजवून दाखवली. झकास वाजते. बाईंनी लगेच नियमांचा कागद पुढे केला. नियम सातवा: दुसऱ्याचं गाणं, चित्र किंवा मजकूर वापरल्यास ज्याचं असेल त्याची लेखी परवानगी जोडावी. गेल्या वर्षी एका शाळेला याच्यावरून मार्कच दिले नव्हते.

"बाई, रेडिओवर तर फुकट लागतं ना?" चंदू म्हणाला.

"रेडिओवाल्यांनी विचारलेलं असतं. तू कोणाला विचारलंस?"

चंदूची वाट लागली. माझीही, कारण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

९ डिसेंबर, बुधवार
सापडलं. सकाळी बाबा दाढी करताना गुणगुणत होते. तीच चाल, मी लहानपणापासून ऐकते ती. आमच्या गावाकडे गौरी-गणपतीत जाखडी नाचतात. मध्ये ढोलकीवाला आणि गाणारे बसतात, भोवती पायात घुंगरू बांधलेले नाचे गोल फिरतात. मुंबईतही आमच्या लोकांची मंडळं होती आणि बाबा त्यातल्या एकात गायचे. मग संप आला, गिरणी गेली, आम्ही कांजूरला आलो, बाबा मरोळच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. संपाने जे जे नेलं त्यात गाणंही गेलं.

तर मशीनवर जाखडी. आठ नाचे गोल फिरतील, चाल वाजेल, खाली गाण्याचे शब्द उमटतील, तेही मराठीत.

"मशीनला मराठी येत नाही," चंदू म्हणाला.

"मग शिकवू."

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गाणं घरचं. कोणाच्या दारात परवानगी मागायला जायला नको.

१४ डिसेंबर, सोमवार
मशीनला सूर कळत नाहीत, आकडे कळतात. प्रत्येक सुराला दोन आकडे, एक उंचीचा, एक लांबीचा. बाबांना आकडे कळत नाहीत आणि मला सूर. म्हणून पद्धत अशी: बाबा सकाळी एक ओळ गातात, ती मी घोकत शाळेत जाते, वाटेत कोणाशी बोलत नाही, आणि मशीन मिळेपर्यंत तोंडात धरून ठेवते. आज स्टेशनजवळ लग्नाचा बँड आडवा आला आणि अख्खी ओळ पुसून गेला. रडायची बाकी होते.

संध्याकाळी बाबांनी बिस्किटांचा रिकामा डबा मांडीवर घेतला आणि मात्रा मोजून दिल्या. डोळे मिटून गायले:

दारी आली गौर माझी, पाय धुवा गं पाण्यानं,
वाट तुडवून दमली बाय, न्हाऊ घाला गाण्यानं.

बाबा इतके मोकळे मी कितीतरी वर्षांत पाहिले नव्हते. आई कणकेचे हात तसेच धरून दारात उभी होती. तीन कडवी झाली आणि ते थांबले.

"पुढे?"

"पुढचं नाय आठवत."

डबा खाली ठेवला आणि पाणी भरायचंय म्हणून उठले. नळाला पाणी यायला अजून तास होता.

१८ डिसेंबर, शुक्रवार
मराठी अक्षरं शिकवणं म्हणजे आलेखाच्या वहीत आठ बाय आठ चौकोनांचा एक खण आखायचा, त्यात अक्षर बसेल असे चौकोन भरायचे आणि त्याचे आकडे करून मशीनला द्यायचे. बत्तीस खणांपर्यंत मशीन काही बोलत नाही. पुढचा प्रत्येक खण त्याच्या स्मरणातली जागा खातो. माझा 'ण' दोनदा 'ग' झाला. चंदूने नाचे काढलेत, आठही वेगळे. एक ढेरीवाला, एक लुकडा, सुटलेला फेटा सावरणारा. त्यांनाही खण लागतात.

तिसरं कडवं टाकलं आणि मशीनने इंग्रजीत दोनच शब्द दाखवले. नो रूम. जागा नाही. मग दुसऱ्या कडव्यातला सुराचा एक हेलकावा काढला तेव्हा बसलं. बाबांना चौथं आठवत नाही ते बरंच झालं म्हणायचं.

२१ डिसेंबर, सोमवार
बाईंनी विचारलं, गाणं रचलं कोणी? मी म्हटलं, घरचंच आहे. "घरचं म्हणजे कोणाचं, प्रेमा? फॉर्मवर नाव लागेल."

रात्रीच्या जेवणाआधी बाबांना विचारलं. त्यांनी चपलेचा सुटलेला अंगठा दाबून बसवला. मग म्हणाले, "पहिल्या नंबराला काय मिळणार बोललीस?"

"मे महिनाभर मशीन. रोज तीन तास."

"त्यानं पुढं नोकरीबिकरी लागते?"

"लागेल ना. बाई म्हणतात बँकांत पण येणार आहेत मशीन."

"आण कागद."

त्यांनी लिहून दिलं की सदर गीत मी रचलेलं असून माझ्या मुलीस वापरण्यास हरकत नाही. खाली सही, दत्ताराम. बाबांचं अक्षर सुरेख, गिरणीत सगळ्यांचे अर्ज तेच लिहायचे. आज मात्र दोन कागद फाडले. पॅकिंगने बोटं आखडली असतील. आईने कागद बघितला आणि ती भांडी आपटायला लागली. तिला माझं शाळेत उशिरा थांबणं आवडत नाही, त्याचा राग असणार.

बाई खूश. "वडिलांचंच गाणं, मग प्रश्नच मिटला."

३ जानेवारी १९८८, रविवार
सुगंधा आत्याकडे घाटकोपरला सत्यनारायण होता. प्रसादाची भांडी विसळताना मी ऐटीत स्पर्धेचं सांगितलं आणि गाणं म्हणून दाखवलं. तिसरं कडवं संपलं तर आत्या न थांबता पुढे गायली:

गुरू मार्तंड पाठीशी उभे, गौर बसली पाटावर,
कवी धाकू हात जोडतो, नाव ठेवा गं ओठावर.

"हा धाकू कोण?"

"ज्यानं गाणं केलं तो. शेवटच्या कडव्यात नाव घालायचं असतं बाय. आधी गुरूचं, मग आपलं. त्यावरनंच कळतं ना गाणं कोणाचं ते. दत्तानं शिकवलं नाय तुला?"

"बाबांना ते कडवं आठवत नाही."

आत्याने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "त्याला आठवत नाय?" ती म्हणाली आणि पदराने हात पुसत राहिली, कोरडे झाले तरी.

४ जानेवारी, सोमवार
भूगोलाच्या तासाला तीनदा ओरडा खाल्ला. आत्याची चूक होत असेल. एकाच चालीवर दोन गाणी असतात.

६ जानेवारी, बुधवार
चूक नाही. बाबांना अख्खं गाणं पाठ आहे, नाव असलेलंच कडवं तेवढं आठवत नाही. मला कळलंय, आणि मी उगाच मळमळतंय म्हणून शाळेला दांडी मारली. बाबांच्या सहीचा कागद बाईंच्या फाइलमध्ये आहे. सांताक्रूझला धाकूला कोण ओळखतं? कोणाला कळणार आहे? हे मी लिहिलं. खोडत नाही.

१० जानेवारी, रविवार
आत्याला गळ घातली. शेवटी ती मला घाटकोपरच्या डोंगरावर धाकूबुवांकडे घेऊन गेली. पत्र्याच्या शेडखाली म्हातारा स्टो दुरुस्त करत होता. भोवती दहा-बारा स्टो, हात कोपरापर्यंत काळे, गळ्यात मफलर. आत्याने ओळख करून दिली, "दत्तारामची प्रेमा." बुवांनी पंप मारायचं थांबवलं, मला नीट पाहिलं आणि बसायला गोणपाट झटकलं.

मी सगळं सांगून टाकलं. मशीन, खण, नियम सातवा, बाबांचा कागद. ते मध्ये एकदाच बोलले, "नाचे गोल फिरतात?" मी हो म्हटलं तर मान हलवली.

मग म्हणाले, "शब्द माझे, पन गळा तुझ्या बापसाचा व्हता. मी रचायचा, तो गायचा. एक्याऐंशी सालच्या गणपतीत भांडुपला बारी लागली, म्हंजे दोन मंडळांचा सामना. मला ताप. दत्ताला बोललो, तू जा. मंग घरी राहवंना, मफलर गुंडाळून मागं जाऊन बसलो. काय गायला पोर. आनि शेवटच्या कडव्यात 'कवी दत्ताराम' म्हनला. लोकांनी टाळ्या दिल्या. मीपन दिल्या. गायलाच तसा व्हता."

"तुम्ही भांडला नाहीत?"

"त्यानं मला बघितला ना. वाटलं उद्या येल, परवा येल. माझ्या चाळीपासनं दोन गल्ल्या पलीकडं ऱ्हायचा तो. आला नाय. त्या रातीपासनं परत गायला नाय तो."

मी बोटांवर मोजलं. गणपती सप्टेंबरात, संप जानेवारीत. म्हणजे बाबांचं गाणं संपाने नेलेलंच नव्हतं.

मी परवानगीचा कागद पुढे केला. बुवांनी काळे हात बघून तो घेतला नाही. "सही देतो. माझं नाव तेवढं गाळू नको. पन कागद दत्तानं आनायचा."

उतरताना आत्या माझ्यावर उखडली की नको तिथे नाक खुपसलंस. नंतर कोपऱ्यावर तिनेच मला उसाचा रस पाजला.

११ जानेवारी, सोमवार
बाबा जेवत होते तेव्हा सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ते घास धरून बसले आणि म्हणाले, "बुवा खोकतात का अजून?"

"हो. बाबा, तुम्ही गेलात तर ते सही देतील."

"माझा कागद दिलायस ना बाईंना? मग झालं."

"झालं नाही." मी बाबांना कधी उलटून बोलले नव्हते. "तो खोटा आहे."

आई म्हणाली, प्रेमा. एवढंच. बाबांनी ताटात हात धुतला, सदरा घातला आणि खाली गेले. ताटात अर्धा भात तसाच होता. मला त्यांचा राग आला, आणि मग लक्षात आलं की तो कागद त्यांनी स्वतःसाठी लिहिलाच नव्हता. तेव्हापासून कुठे बघावं ते कळत नाहीये.

१४ जानेवारी, गुरुवार
संक्रांत. बाबांनी तिळगूळ दिला, माझ्या हाताकडे बघत. रोज वाटतं आज मरोळहून येताना घाटकोपरला उतरतील. रोज वेळेवर घरी येतात.

१५ जानेवारी, शुक्रवार
उद्या फॉर्मची शेवटची तारीख. मधल्या सुट्टीत बाईंकडे जाऊन बाबांचा कागद परत मागितला.

"म्हणजे गाणं वडिलांचं नाही?"

शिक्षकांच्या खोलीत आणखी दोन सर होते. मी नाही म्हटलं. माझ्यासाठी लिहून दिलं होतं त्यांनी, हेही म्हटलं. बाबांना कोणी वाईट समजू नये म्हणून म्हटलं, पण ते आणखीच वाईट ऐकू आलं.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, अजून नऊ दिवस आहेत, गाणं काढून टाक, साधे सारेगम वाजव, नाचे आहेतच की. खरं म्हणजे ते सोपं होतं. पण एकदा त्या माणसाचं नाव पुसलं गेलंय, आता मी गाणंच पुसायचं? मी नको म्हटलं. मग बाईंनी माझ्यासमोर फॉर्म भरला. रचना: धाकू, घाटकोपर. लेखी परवानगी: मिळालेली नाही. "मार्क देणार नाहीत, प्रेमा. नुसतं दाखवायला मिळेल फार तर."

हे सगळं मी चंदूला न विचारता केलं. सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मे महिना माझापण होता ना?" बरोबरच आहे त्याचं. शेवटचं कडवं घालायचं तर नाच्यांचे खण काढावे लागतील, हे सांगितल्यावर तर भडकलाच. "माझ्या नाच्यांनी काय घोडं मारलंय तुझं?" दप्तर उचलून गेला.

१७ जानेवारी, रविवार
दिवसभर आलेखाच्या वहीत 'धा' काढला. काना डोक्याला चिकटतो. 'कू' जमला. बाबा दोनदा मागून गेले. दुसऱ्यांदा थांबले होते, मी वळून पाहिलं नाही.

१९ जानेवारी, मंगळवार
चंदू माझ्याशी न बोलता मशीनसमोर येऊन बसला आणि सात नाचे पुसले. उरला तो लुकडा, सुटलेल्या फेट्याला हाताने धरणारा. तोच आठ वेळा उभा केला. "एकाचेच खण आठ वेळा वापरले की जागा खात नाही," स्क्रीनकडे बघत म्हणाला. "ढेरीवाला मला जास्त आवडायचा."

शेवटचं कडवं टाकलं. मशीन काही बोललं नाही. बसलं.

मी थँक्यू म्हटलं तर चंदू म्हणाला, "नाटकं नको यार, वेळ संपतोय."

२४ जानेवारी, रविवार
सांताक्रूझच्या त्या हॉलमध्ये थंड हवेचं मशीन होतं, माझे दात वाजत होते. चौदा शाळा. आमच्या टेबलावर चिठ्ठी: 'केवळ प्रदर्शन, स्पर्धेबाहेर'. ती वाचून लोक पुढे सरकत. सकाळी निघताना बाबांना या म्हटलं नव्हतं, कारण ते नाही म्हणाले असते तर मला चाललं नसतं. आई म्हणाली, जा तू, मी सांगते त्यांना.

परीक्षक आले. एकाने विचारलं, मार्क नाहीत तर आणलंत कशाला? चंदू म्हणाला, "सर, जागा करून ठेवली होती त्यात." परीक्षकाला काही कळलं नाही. मी कळ दाबली.

आठ लुकडे फिरायला लागले. चाल सुरू झाली, मशीनचा आवाज पत्र्यासारखा, पण चाल तीच. पहिलं कडवं, दुसरं. तिसऱ्याला मी नाच्यांपेक्षा दाराकडेच बघत होते, आणि दारात बाबा उभे होते. इस्त्रीचा सदरा, हातात चपला. चपला बाहेर काढाव्यात की नाही ते कोणी सांगितलं नसणार. त्यांचं बोट चपलेच्या टाचेवर मात्रा मोजत होतं.

चौथं कडवं आलं. मार्तंड उमटलं. मग एकेक खण करत माझा वाकडा 'धा', मग 'कू'. बाबांचं बोट थांबलं. त्यांनी मोकळ्या हाताने कानाची पाळी धरली, गाणारे गुरूचं नाव घेताना धरतात तशी, आणि कडवं संपून नाचे थांबले तरी सोडली नाही. मला हुंदका आला. चंदू म्हणाला, "रडू नको गं, लोकांना वाटेल मार्क नाहीत म्हणून." मार्क नाहीत म्हणूनही मी रडत होते, खोटं कशाला लिहू. मे महिना कोणातरी बोरिवलीच्या मुलांना मिळाला. त्यांचा कार्यक्रम पाढे म्हणून दाखवतो.

घरी येताना बाबा इतकंच म्हणाले, "दुसऱ्या कडव्यात एक हेलकावा कमी आहे."

"जागा नव्हती."

"हं."

२६ जानेवारी, मंगळवार
झेंडावंदन करून घरी आले तर बाबा इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. म्हणाले, "ते बुवांचं नाव काढलंयस ना चौकोनात, तो कागद दे." वहीतून पान फाडून दिलं. त्यांनी घडी न घालता जुन्या कॅलेंडरमध्ये गुंडाळलं.

मग ओट्यावरचा स्टो उचलला, गार झालाय का बघितलं आणि पिशवीत घातला. आईने विचारलं, तो कुठे? बाबा म्हणाले, "पिन अडकतेय त्याची. घाटकोपरला एक जण चांगला दुरुस्त करतो."

आई म्हणाली, "बरं. सावकाश या."

सकाळीच तिने त्याच्यावर चहा केला होता. आम्ही तिघांनी प्यायला होता.